पाण्याखालच्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स?

रायपूरच्या सदर बाजारातील आमच्या शाखेत दुपारी अडीचच्या सुमारास सोने तारण कर्जाच्या टेबलाशी एक ठरलेले दृश्य असते. शाखेच्या यादीवरील मूल्यांकक, ज्यांना आम्ही सारे ‘काका’ म्हणतो, ग्राहकाचा दागिना कसोटीच्या दगडावर घासतात, तराजूत टाकतात आणि मग डोळ्याला भिंग लावून त्यातील खडे एकेक करून न्याहाळतात. सदर बाजार म्हणजे रायपूरचा जुना सराफा. येथे भिंग हे केवळ साधन नव्हे, ती साक्ष होय. त्या भिंगातून जे दिसेल त्यावर कर्जाची रक्कम ठरते आणि त्या रकमेवर कोणाचे बियाणे, कोणाचे औषधपाणी, कोणाच्या मुलीची शाळेची फी अवलंबून असते.

या भिंगाचा आणि समुद्राचा काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. छत्तीसगडला समुद्रकिनारा नाही. रायपूरकरांना समुद्र पाहावयाचा तर पुरी किंवा विशाखापट्टणम गाठावे लागते. परंतु माझे आजोळ मालवणचे, आणि तेथील माझा मावसभाऊ पर्यटकांना पाण्याखाली नेणारा पाणबुड्या मार्गदर्शक आहे. त्याच्या एका प्रश्नाने मला या विषयात ओढले. प्रश्न साधा होता : ‘‘दादा, पैसे एकाच लेन्सचे आसत. खयची घेव?’’

या साध्या प्रश्नामागे एक अवघड इतिहास होता आणि त्यात माझाही वाटा होता.

सन २०२२ मध्ये दिवाळीनंतर त्याने एक वापरलेला एसएलआर कॅमेरा, त्याची जलरोधक पेटी, म्हणजे हाउसिंग, आणि पेटीपुढे बसणारी सपाट काच असा संच घेतला. पैशांसाठी मावशीने आपल्या पाटल्या गावातल्या शाखेत तारण ठेवल्या. व्यवहारापूर्वी त्याने माझा सल्ला घेतला होता. मी बँकेच्या शिस्तीने सारे पाहिले. तीन ठिकाणचे दरपत्रक मागविले, हंगामात किती फेऱ्या होतात, किती पर्यटक फोटो घेतील, पावसाळ्यात चार महिने उत्पन्न शून्य धरून परतफेड कशी बसेल, हे सारे कागदावर मांडले. कॅमेऱ्यासोबत जी लेन्स आली ती १८ ते ५५ मिलिमीटरची, नव्या कॅमेऱ्याबरोबर सर्वांनाच मिळते तशी. ती सर्व कामांना चालेल असे विक्रेता म्हणाला, मलाही ते पटले. पेटीच्या तोंडाशी कोणती काच आहे, तिच्यामागे कोणती लेन्स आहे आणि पाणी त्या दोघींचे काय करील, हा प्रश्न मी विचारलाच नाही. ताळेबंद तपासला, पण माल पाहिला नाही म्हणा ना.

तो हंगाम वाया गेला. फोटो येत होते. पण प्रत्येक फोटोवर हिरवट धुक्याचा पडदा. माणूस ओळखू यावा, पण त्याचा आनंद दिसू नये, असे ते फोटो. ‘‘डोळ्यांक दिसता ता फोटोत येणा नाय,’’ असे तो फोनवर म्हणे. पर्यटक भिडस्तपणे फोटो पाहत आणि आपला मोबाईल काढून किनाऱ्यावरच एकमेकांचे फोटो घेत. पाटल्यांचे कर्ज व्याज भरून नूतनीकरण करावे लागले.

असे का झाले, याचे उत्तर मला पुढे रायपूरला बदली होऊन आल्यावर काकांच्या टेबलाशी मिळाले. एके दिवशी कामाचा ताण नव्हता. मी विचारले, ‘‘काका, हे भिंग पाण्यात धरले तर काय होईल?’’ ते हसले. ‘‘साहेब, माझे नको, तुमचे धरा,’’ म्हणाले. सह्या पडताळण्यासाठी आमच्याकडे ठेवलेले साधे भिंग आम्ही काचेच्या भांड्यात बुडविले आणि तळाशी रुपयाचे नाणे ठेवले. हवेत जे नाणे चांगले मोठे दिसत होते, ते पाण्याखाली भिंग असूनही जवळजवळ जसेच्या तसे दिसू लागले. वाचकांनी हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा.

कारण असे की भिंगाची ताकद नुसत्या काचेत नसते. ती काच आणि तिच्या भोवतीचे माध्यम यांच्यातील फरकात असते. प्रकाश वळविण्याची क्षमता मोजणारा अपवर्तनांक हवेचा १, पाण्याचा १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५ असतो. हवा आणि काच यांत मोठी तफावत, पाणी आणि काच यांत थोडकी. साध्या काचेचे भिंग पाण्यात बुडाले की त्याचे नाभीय अंतर सुमारे चौपट होते, म्हणजे ताकद पाऊण भागाने घटते. काकांना अंक ठाऊक नव्हते, पण व्यवहार ठाऊक होता. काचेचा नकली खडा पाण्यात टाकला की मंद होतो, कडा हरवतात. हिरा मात्र पाण्यातही झळकतो, हे त्यांनी लगेच सांगितले. माणिकाचा अपवर्तनांक १.७६ आणि हिऱ्याचा २.४२ आहे हे मी नंतर पुस्तकात पाहिले.

आपल्या डोळ्यांचेही तेच होते. पाण्यात उघड्या डोळ्यांनी सारे अंधूक दिसते, कारण डोळ्याच्या पुढच्या पडद्याची वळविण्याची शक्ती पाण्यामुळे बहुतांश निष्प्रभ होते. म्हणून पाणबुड्ये मुखवटा लावतात. मुखवट्याची सपाट काच आणि तिच्यामागची हवा यांमुळे दृष्टी परत येते. पण जाता जाता एक फसवणूकही होते. प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा पाव भागाने जवळ आणि तृतीयांशाने मोठी दिसते. मालवणात पहिल्यांदा उतरलेला पर्यटक बोटीवर येऊन हातभर माशाचे वर्णन करतो आणि मार्गदर्शक गालात हसतो, त्याचे हे शास्त्रीय कारण.

कॅमेऱ्याच्या पेटीपुढील सपाट काच हीही मुखवटाच. ती चित्र मोठे करते, म्हणजेच लेन्सचा आवाका आखडते. हवेत ९० अंशांचा पट्टा टिपणारी लेन्स सपाट काचेमागून पाण्यात सुमारे ६४ अंशच पाहते. लेन्स जितकी रुंद, तितके नुकसान अधिक. शिवाय कडांना रंगांच्या झालरी येतात. मी घरी मुलीच्या माशांच्या काचटाकीत लांब मोजपट्टी उभी करून मोबाईलचा कॅमेरा समोरच्या काचेला टेकविला. रिकाम्या टाकीत तेवढ्याच अंतरावरून पट्टीचे ४० सेंटिमीटर मावत होते. पाणी भरल्यावर जेमतेम २७-२८. मुलीला वाटले बाबा माशांचा फोटो काढत आहेत. प्रत्यक्षात बाबा २०२२ मधील आपली चूक मोजत होते.

आता मालवणचे गणित मांडू. आमच्या १८ मिलिमीटरच्या लेन्समधून, सपाट काचेमागून, आडवा पोहणारा एक माणूस पूर्ण मावण्यासाठी छायाचित्रकाराला जवळपास अडीच मीटर दूर जावे लागे. मालवणच्या पाण्यात अनेक दिवस दृश्यता तीन-चार मीटरच असते. खाड्यांचा गाळ, प्लवक, लाटांनी ढवळलेली रेती, सारे त्यात असते. म्हणजे कॅमेरा आणि माणूस यांच्यामध्ये अडीच मीटर जाडीची हिरवी भिंत! ती भिंत उत्तमोत्तम कॅमेराही भेदू शकत नाही. पाणी हवेहून सुमारे ८०० पट घन आहे. ते प्रकाश खाते, आणि सगळ्यांत आधी लाल रंग गिळते. पाच-सहा मीटर खोलीवरच कुंकवाचा रंग मळकट तपकिरी दिसू लागतो.

यातून पाण्याखालच्या छायाचित्रणाचा एकमेव मोठा नियम निघतो : जवळ जा, आणखी जवळ जा. दृश्यतेच्या तृतीयांश-चतुर्थांशापेक्षा अधिक अंतर ठेवू नये असा जाणकारांचा आडाखा आहे. जमिनीवर दूरच्या पक्ष्यासाठी आपण लांब पल्ल्याची लेन्स घेतो. पाण्यात ती जवळपास निरुपयोगी. तेथे दोनच टोके कामाची. एक, अतिशय रुंद लेन्स, जी पाऊण मीटरवरून अख्खा माणूस टिपेल. आणि दुसरी मॅक्रो, जी काही सेंटिमीटरवरून नखाएवढा जीव टिपेल. मधली, सर्व कामांना चालणारी लेन्स गढूळ पाण्यात कोणत्याच कामाची राहत नाही. ‘सर्वांना सोयीचे’ म्हणून घेतलेले कर्ज ज्याप्रमाणे कोणाच्याच हंगामाला बसत नाही, तसा हा प्रकार.

हा शोध आजचा नव्हे. फ्रान्समधील बान्यूल्स-सुर-मेर येथे लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये पाण्याखाली छायाचित्रे घेतली, ती अभियंता भावाने बनविलेल्या जलरोधक पेटीतून. उपलब्ध प्रकाशात एकेका छायाचित्रास अर्धा तासपर्यंत लागत असे. १९२६ मध्ये लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाच्या समुद्रात पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे टिपली; प्रकाशासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली. पुढे कूस्तोंच्या मोहिमांसाठी बेल्जियन अभियंता ज्याँ द वूतर्स यांनी पेटीशिवाय पाण्यात नेता येईल असा ‘कॅलिप्सो’ कॅमेरा रचला आणि त्याच्याच आधारे १९६३ मध्ये ‘निकॉनॉस’ बाजारात आला. त्याची १५ मिलिमीटरची लेन्स केवळ पाण्यासाठी घडविलेली होती. तिची पुढची काच थेट पाण्याला भिडे, आणि जमिनीवर तिने घेतलेला फोटो अस्पष्ट येई. निकॉनॉसचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. तेव्हापासून बहुतेकांना जमिनीवरचीच लेन्स पेटीत घालून पाण्याशी जुळवून घ्यावे लागते.

हे जुळवून घेण्याचे साधन म्हणजे घुमटाकार काच, डोम पोर्ट. लेन्सचा दृष्टिबिंदू घुमटाच्या केंद्राशी बसविला की किरण काचेतून सरळ येतात आणि हरवलेला आवाका परत मिळतो. मात्र येथेही पाणी आपली किंमत वसूल करते. घुमट आणि पाणी मिळून स्वतःच एक लेन्स बनतात, आणि समोरचे दृश्य कॅमेऱ्याला अगदी जवळ उभे केल्यासारखे दिसते. घुमटाची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर क्षितिजापर्यंतचा सारा समुद्र काचेपुढे अवघ्या ३० सेंटिमीटरवर येऊन बसतो. त्रिज्या ५ असेल तर १५ सेंटिमीटरवर. अनंत अंतरावरची वस्तू वीतभर अंतरावर! म्हणून घुमटामागे अशीच लेन्स हवी जी फार जवळ फोकस करू शकेल. आमची जुनी लेन्स लहान घुमटामागे ठेवून हे काम भागेल अशी माझ्या भावाची आशा होती. ती लेन्स सुमारे पाव मीटरच्या अलीकडे फोकस करीत नसे. जवळच्या विषयासाठी ती हात टेकणार हे उघड होते.

घुमट मोठा घ्यावा की लहान? मोठ्या घुमटाने कोपरे अधिक रेखीव येतात, अर्धे पाण्यात अर्धे बाहेर असे दृश्य घेणे सोपे जाते. परंतु तो महाग, हवा भरलेला असल्याने पाण्यात वर ओढणारा, आणि होडीवरून हातात देताना धडकण्याचे भय. फिशआय, म्हणजे मत्स्यनेत्र प्रकारची लेन्स लहान घुमटामागेही समाधानकारक काम देते, कारण ती अगदी जवळ फोकस करते आणि तिची नैसर्गिक वक्रता घुमटाच्या वक्र चित्राशी जुळते. लहान आकाराच्या सेन्सरसाठी टोकिनाची १० ते १७ मिलिमीटरची फिशआय झूम लेन्स २००६ मध्ये आली आणि पाणबुड्यांमध्ये लोकप्रिय झाली. ती १४ सेंटिमीटरवर फोकस करते आणि तिचा आवाका १८० अंशांपासून १०० अंशांपर्यंत बदलता येतो. फिशआय सरळ रेषा वाकविते हे खरे, पण समुद्रात सरळ रेषा असतात कोठे? केवळ माणसाचा चेहरा कडेला जाऊ देऊ नये. अन्यथा नवरदेवाचे डोके भोपळ्यासारखे दिसते आणि फोटो विकला जात नाही.

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या पेटीवर पाण्यातच चढविता-उतरविता येणाऱ्या ‘ओल्या’ लेन्सचा तिसरा मार्गही आहे. एकाच बुडीत रुंद आणि सूक्ष्म दोन्ही साधते. २०१९ च्या ऑलिम्पस टीजी-६ सारखे छोटे कॅमेरे तर एका सेंटिमीटरवरूनही टिपतात. नव्याने आरंभ करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवीन. आमच्याकडे मात्र मोठा कॅमेरा आणि पेटी आधीच होती, आणि बुडीत खात्यावर दुसरे खाते उघडण्यापेक्षा आहे त्या मालमत्तेतून वसुली करणे मला अधिक शहाणपणाचे वाटले. त्यात एक सुखद शोध लागला : आमची नावडती सपाट काच मॅक्रो लेन्सला उत्तम चालते! मॅक्रोला आवाका नकोच असतो. सपाट काच चित्र मोठे करते, तो तेथे तोटा नसून नफा ठरतो.

तेव्हा प्रश्न उरला तो क्रमाचा. पैसे एका लेन्सचे. आधी फिशआय व लहान घुमट, की आधी ६० मिलिमीटरची मॅक्रो?

माझ्या भावाचे मन मॅक्रोकडे होते, आणि त्याला कारण होते. मालवणचा समुद्र लक्षद्वीपसारखा निळाशार नाही, पण रिताही नाही. १९८७ मध्ये येथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर पोरायटिस, टर्बिनारिया, फेविटिस जातींची प्रवाळे आहेत. त्यांच्या खाचांत रंगीबेरंगी समुद्री गोगलगाई, काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या, इवले खेकडे राहतात. लहानपणापासून जाळ्यात आलेले मासे ओळखणाऱ्या या मुलाला जाळ्यात कधीच न येणारे हे जीव दाखवायचे होते. मी अधिकारी, मी विचारले, ‘‘गोगलगाईचा फोटो विकत कोण घेईल?’’ तो गप्प राहिला. त्याचे गप्प राहणे मला अजून आठवते.

पर्यटकाला स्वतःचा फोटो हवा असतो, आणि हप्ता पर्यटकाच्या पैशातून जायचा असतो. म्हणून फिशआय आधी. २०२४ च्या ऑक्टोबरात मावशीने या वेळी गोठ काढून दिले. ‘‘पाटल्ये गेले, आता गोठ,’’ एवढेच ती म्हणाली. त्या वाक्यात तक्रार होती की विश्वास, हे मला फोनवरून कळले नाही. लेन्स वापरलेलीच घेतली. घेण्यापूर्वी मात्र मागच्या चुका टाळल्या. ती लेन्स त्या घुमटात, त्या पेटीत नेमकी बसते का, मध्ये किती लांबीचे कडे लागते, हे लेखी विचारले. प्रत्येक पेटीचे तोंड वेगळे, प्रत्येक लेन्सचे कडे वेगळे. केवळ लेन्सची किंमत पाहून अंदाजपत्रक करणारा हमखास फसतो. पेटी आणि काचा मिळून कॅमेऱ्याहून अधिक खर्च होणे हे या छंदात सामान्य आहे. विम्याच्या कागदातील पाण्याने होणाऱ्या नुकसानीसंबंधीचे कलमही आम्ही चष्मा लावून वाचले.

पहिल्या आठवड्यातील एक फोटो त्याने पाठविला. पुण्याकडील एक आजी, पांढरे केस पाण्यात पसरलेले, मुखवट्याआडून हसणारे डोळे, भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे रिंगण. पाऊण मीटरवरून घेतलेला. हिरवी भिंत नाही. बाजूंना लांब हातांवर धरलेल्या दोन दिव्यांमुळे पाण्यातील कण चमकले नव्हते आणि केसातील लाल रिबीन लालच दिसत होती. दिवे लेन्सच्या अगदी शेजारी ठेवले असते तर त्या आजींवर हिमवर्षाव झाल्यासारखे वाटले असते. तो फोटो त्यांच्या कुटुंबातील सात जणांनी घेतला.

हंगाम चांगला गेला. परंतु एप्रिलअखेर लाट वाढली, दृश्यता दोन मीटरवर आली आणि फिशआयही हतबल झाली. बोटी निघत, माणसे बुडत, फोटो मात्र पुन्हा धुरकट. त्या दिवसांत भावाने एका ओळखीच्या संशोधकाकडून ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स उसनी आणली आणि आपली जुनी सपाट काच पेटीला चढविली. पूर्ण आकाराचे चित्र घेताना या लेन्सच्या पुढे जेमतेम पाच सेंटिमीटर अंतर उरते. १०५ मिलिमीटरच्या लेन्सला तेच सुमारे पंधरा लागतात. लाजाळू जिवांसाठी ती बरी, पण गढूळ पाण्यात दहा सेंटिमीटरही जड जातात. पाच सेंटिमीटर पाणी कितीही गढूळ असले तरी पारदर्शकच. ज्या दिवशी इतर कॅमेरे किनाऱ्यावर पडून होते, त्या दिवशीचे त्याचे फोटो मी आजवर पाहिलेल्या त्याच्या कामात सर्वोत्तम आहेत. एक-दोन मुक्कामी पर्यटकांनी ते मोठ्या आकारात छापून मागितले. माझा हिशेब चुकला नव्हता, पण अपुरा होता. वर्षातले वाईट दिवस मी परतफेडीच्या तक्त्यात धरले होते, लेन्सच्या निवडीत धरले नव्हते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. मॅक्रोच्या मोहात छायाचित्रकार कोपर टेकायला जागा शोधतो आणि ती जागा बहुधा प्रवाळ असते. प्रवाळे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. शिवाय बोटभर वाढण्यास काही प्रवाळांना अनेक वर्षे लागतात. भावाचा नियम असा की तरंगता येत नसेल त्या दिवशी मॅक्रो बोटीतच ठेवावी.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळपठार आहे. नावात ‘बँक’ असल्याने आमच्या शाखेत त्यावर विनोद होतात, पण नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलेले. त्याचा माथा सुमारे २० मीटर खोलीवर आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांची मोहीम तेथे गेली होती. तेथे स्वच्छ पाण्यात फिशआयने काय दिसेल, याची स्वप्ने तो मला अधूनमधून ऐकवितो. त्याचे अंदाजपत्रक अजून मी मागविलेले नाही.

मे २०२५ मध्ये गोठ सुटले. पाटल्या अजून शाखेच्या तिजोरीत आहेत. या वर्षीही व्याज भरून नूतनीकरण केले. मॅक्रो लेन्ससाठी मात्र या वेळी दागिना नको, हंगामातील शिलकीतून आवर्ती ठेव करावी असे ठरले आहे, आणि ते त्यानेच सुचविले.

मागच्या महिन्यात त्याने पाठविलेला एक छापील फोटो मी काकांना दाखविला. निळी समुद्री गोगलगाय, पाठीवर पिवळे ठिपके, काठाला केशरी रेघ. त्यांनी सवयीने भिंग डोळ्याला लावले, फोटो दिव्याखाली तिरपा धरला आणि बराच वेळ पाहत राहिले.

‘‘साहेब, केवढी असते ही?’’

‘‘तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, काका.’’

त्यांनी भिंग काढले, पुसले, पुन्हा लावले. तेवढ्यात टेबलापाशी एक ग्राहक येऊन उभी राहिली. तिच्या रुमालात एक नथ होती. काकांनी फोटो उलटा करून बाजूला ठेवला आणि कसोटीचा दगड पुढे ओढला.